रुमालाऐवजी

जुनी कॉमिक्स जमवणारे तात्यासाहेब औरंगपुऱ्यात भाषणाला निघाले होते. विषय होता, 'आजची मुलं वाचत का नाहीत?' दाखवायला सोबत संग्रहातला सगळ्यात दुर्मिळ अंक घेतला होता. आणला तसा कित्येक वर्षं प्लास्टिकमध्ये सीलबंद. घरात कुणी त्याला बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

मुकुंदवाडीला सिटी बस आली आणि गर्दी दारावर तुटून पडली. जागा धरायला खिशात रुमाल सापडेना, म्हणून घाईत त्यांनी हातातला अंकच खिडकीतून सीटवर टाकला. स्वतः मात्र दारातच अडकले, ते पार क्रांती चौकापर्यंत.

कसेबसे आत पोचले, तर जागा रिकामीच होती. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांच्या मांडीवर फाडलेलं प्लास्टिक होतं आणि हातात उघडा अंक.

"अहो, हे काय केलंत?" तात्यासाहेबांचा आवाज चिरकला.

"तुमची जागा राखली. कुणाला बसू दिलं नाय," आजोबा उठत म्हणाले. "बसल्या बसल्या वाचत व्हतो. लई भारी हाय. पर माझा स्टॉप आला, शेवटची दोन पानं ऱ्हायली."

अंक परत देऊन ते दाराकडं निघाले, आणि थांबले.

 

"तुमी तर वाचलंच असंल. चोर कोण निघाला, तेवढं सांगा की."