बापूंचं उलटं दुकान

गडहिंग्लजच्या हेमलता कुरणेंना संध्याकाळपर्यंत सर्व्हर सांभाळणारं नवं कंट्रोल पॅनल निवडायचं होतं. गावातल्या दुकानदारांच्या वेबसाइट त्यांच्या सर्व्हरवर चालायच्या, आणि हल्लीची पॅनलं बोलायची, बिघाड होण्याआधीच तो निस्तरायची. परवा पहिलं पॅनल लावून पाहिलं, काल दुसरं. दोन्ही दिवस एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नाही. आराम मिळाला खरा, पण ताईंना करमेना.

आज तिसऱ्याची पाळी होती. दुपारी ते म्हणालं, "ताई, सगळं ठीक आहे. फक्त गूळवाल्या शिंत्रेबापूंच्या वेबसाइटवरचा दुकानाचा फोटो उलटा झालाय. तो मी तसाच ठेवलाय."

"अरे, मग सरळ कर की!"

"तो बिघाड नाही, ताई. जुन्या नोंदी पाहिल्या मी. बापू रोज जेवण झालं की स्वतःच फोटो उलटा करतात, आणि मग तुम्हाला फोन लावतात."

ताई खो खो हसत सुटल्या. तेवढ्यात फोन वाजलाच.

"ताई, आमचं दुकान पुन्हा खाली डोकं वर पाय झालंय बघा!" बापूंचा आवाज नुसता फुलला होता. "दोन दिवस लेकाचं आपोआप सुलटं होत होतं!"

ताईंनी बोलता बोलता तिसरं पॅनल कायम करून टाकलं.

"काळजी करू नका, बापू. आता रोज उलटं होईल."