काळ्या दोऱ्याचा ब्रश

ब्रश ओला होता.

फोरमननी केसांवरून अंगठा फिरवला आणि तो डोळ्यांसमोर धरून पाहिला. पाणीच. दवाखान्यातून सुटून आल्यावर ते खुर्चीला टेकलेही नव्हते. घरात शिरले ते तडक बेसिनपाशी, कारण तोंडात साठलेली औषधांची कडू चव त्यांना आधी घालवायची होती. ग्लासात चारही ब्रश जागच्या जागी उभे. प्रत्येकाच्या दांडीला त्यांनी स्वतः गुंडाळलेला वेगळ्या रंगाचा दोरा. काळा दोरा त्यांचा. आणि नेमका तो ओला.

"माझा ब्रश कोणी वापरला?"

आजारपणाने माणूस अर्धा झाला होता, पण आवाज अजून कारखान्यातलाच. पाठीमागे सगळे त्यांना फोरमन म्हणत ते काही उगाच नाही. दातांच्या बाबतीत तर विचारायलाच नको. रात्री घासल्याशिवाय झोपायचं नाही. हिरड्यांवर जोर लावायचा नाही, आपण कढई घासत नाही आहोत. ब्रश तोंडात असताना बोलायचं नाही. आणि एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरला, तर मग त्याची धडगत नाही. या वयात आपले सगळे दात शाबूत आहेत, हे ते बसथांब्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगून मोकळे होत.

मुलगा धावत आला. "बाबा, आधी बसा तरी. डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलंय."

"डॉक्टरांना म्हणावं, माझ्या घरी चार दिवस राहून दाखवा. तू वापरलास?"

"मी कशाला वापरीन?"

"तुझा बघ जरा. पार केरसुणी झालीय त्याची. माझा दिसला नवा, घेतला."

"बाबा, खरंच कोणी हात लावला नाही हो," स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली.

"मग पाणी काय नळातून चालत आलं?"

आता त्यांना थांबवणं कोणाच्या बापाला जमणारं नव्हतं. "तिथे पडल्या पडल्या रोज एकच मागत होतो, घरचा ब्रश आणा. तिथला ब्रश म्हणजे तारेची घासणी, हिरड्यांतून रक्त यायचं माझ्या. आणि रोज उत्तर काय, तर विसरलो. डबा विसरत नव्हता, फळं विसरत नव्हता, ब्रश तेवढा विसरत होता. का विसरत होता, ते आत्ता कळलं. म्हातारा काही परत येत नाही, असं धरूनच चालला होतात सगळे."

"काहीतरीच काय बोलता," मुलाचाही तोल सुटला. "इथे आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो."

"हो ना. देव पाण्यात, आणि माझा ब्रश तुमच्या तोंडात."

बोलता बोलता त्यांनी बेसिनखालच्या डब्याचं झाकण उघडलं आणि ब्रश आत आपटला. गुंतवळ, वापरलेला कापूस, रिकामी ट्यूब. त्यावर काळ्या दोऱ्याचा ब्रश.

त्यांची बायको इतका वेळ पलंगावर दवाखान्याची पिशवी रिकामी करत होती. ती उठून आली. तिने डब्यात पाहिलं, मग नवऱ्याकडे. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा फोरमननी पाहिला नव्हता.

"मी ओला करत होते तो," ती म्हणाली.

"तू? तू माझ्या ब्रशने दात..."

"दात नाही घासले. नुसता नळाखाली धरत होते. रोज सकाळी." तिचा आवाज चढत गेला. "आमचे तिघांचे ओले, आणि तुमचा तेवढा कोरडा ठणठणीत. गेलेल्या माणसाचा असतो तसा. पहिल्या सकाळी बघितला आणि नळच सोडला त्याच्यावर. आणा आणा म्हणत होता, म्हणून पिशवीत घातलाही एकदा. ग्लासात तीनच उरले. नाही बघवलं मला. ठेवला परत. विसरले म्हणून सांगितलं आणि तुमची बोलणी खाल्ली. आज तुम्ही येणार हे माहीत होतं, तरी सकाळी हात गेलाच. आणि तुम्ही आल्या आल्या तो कचऱ्यात घाला. घाला, घाला. फोरमन ना तुम्ही."

तोंडावर त्यांना घरात आजवर कोणी फोरमन म्हटलं नव्हतं. मुलगा भिंतीकडे बघू लागला.

"कपाटात नवीन आहे, आणते," सून हळूच म्हणाली.

"नको."

बेसिन धरून ते वाकले. मुलाने पुढे केलेला हात त्यांनी झटकला. डब्यात हात घालून ब्रश काढला. त्याला चिकटलेली गुंतवळ ओढून टाकली, नळाखाली धरून खसाखसा धुतला, त्यावर पेस्ट घेतली आणि सरळ तोंडात घातला.

"अहो, कचऱ्यातला आहे तो," बायको कडाडली. मघाचा राग उतरला नव्हता, त्यात ही भर. "काढा आधी. कोणाला सांगतेय मी? ऐकू येतंय का?"

फोरमन आरशाकडे तोंड करून घासत राहिले. ब्रश तोंडात असताना त्यांच्या घरात कोणी बोलत नसे.