वेगळं आहे

"वेगळं आहे," तोंड पुसत काकू म्हणाल्या आणि रिकामा कप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. शेवग्याचा पाला आणि मटार यांपासून केलेलं आमच्या कंपनीचं नवं पौष्टिक पेय मी सकाळपासून सोसायटीच्या हॉलमध्ये लोकांना पाजत होते. बाजारात आणण्याआधी लोकांचं मत हवं होतं. जो येईल तो हेच म्हणत होता.

दिल्लीहून आलेले भसीन सर मात्र खुशीत होते. "सगळे वेगळं म्हणतायत! डब्यावर हेच छापू. दुप्पट माल काढायला सांगतो."

"सर, पाया पडते," मी म्हणाले. "आमच्याकडे वेगळं म्हणजे घशाखाली उतरत नाही. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणतात."

"मग कप रिकामे कसे?"

"भिडेखातर संपवतात हो!"

"आवडलं नाही तर माणूस सरळ सांगेल ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला साधा एक शब्द कळू नये?

घरी येऊन त्याच रागात मी माझी खास चिंचगुळाची आमटी फोडणीला टाकली. निनाद, माझा नवरा, मुकाट्याने जेवत होता.

"कशी झालीय आमटी?"

"वेगळी झालीय," तो हसून म्हणाला.

माझा डाव हवेतच थांबला. लग्न झाल्यापासून माझ्या आमटीला तो हेच म्हणत आलाय, आणि दर वेळी मी खूश होऊन त्याला आणखी एक वाटी वाढत आलेय.