उष्टी वाटी

मृतांच्या सणाला आत्मे घरी येतात. त्यासाठी मक्याची दारू, चिचा, मुरत घालण्याआधी फोर्तुनाताने रांजण उकळत्या पाण्याने विसळला, गंधकाची धुरी दिली, डाव उन्हात वाळवले. नवरा कासियानो होता तेव्हा एवढं करूनही चिचा नासायची, कारण तोंडाला लावलेली भोपळ्याची वाटी तो पुन्हा रांजणात बुडवायचा. "घाणेरड्या, उष्टी वाटी?" ती ओरडायची. "तुझ्याच नवऱ्याचं तोंड, गाढवाचं नव्हे," तो हसायचा. यंदा शेजारीण चाखून म्हणाली, "अगं, पहिल्यांदाच फक्कड उतरली. आता नासवणारा राहिला नाही." ती गेल्यावर फोर्तुनाता रांजणाकडे बघत बसली. या चवीवरून त्याला घर कसं ओळखू येणार? खुंटीवरची त्याची वाटी तिने काढली, घोट घेतला आणि उष्टीच बुडवली. सणाच्या सकाळी झाकण काढताच आंबूस वास आला. उघड्या दाराकडे बघत ती म्हणाली, "नासवलीस ना शेवटी?"