ओरितोची पारख

"बोल ना बाबा एकदाचा," मिनागावा म्हणाला.

ओरितो बोलणार कसा? उघड्या पात्यावर बोलत नाहीत, थुंकी उडते. मूठ काढलेली तलवार त्याने खिडकीच्या उजेडात धरली. मुठीत लपणारा भाग गंजून काळाभोर झालेला. त्यावर कोरलेली सही, कानेत्सुरा. छिन्नीचे घाव कसे निर्धास्त! आणि गंज अक्षरांच्या खोबणीतसुद्धा तितकाच जुना मुरलेला. सही खरी होती, तिळमात्र शंका नाही. या कारागिराच्या एका तलवारीसाठी ओरितोने बिझेनपासून मिनोपर्यंत सगळा मुलूख पालथा घातला होता. आणि ती निघावी कुठे, तर मिनागावाच्या वारलेल्या मामाच्या माळ्यावर! ज्याला पात्याला धड तेलसुद्धा लावता येत नाही, त्या मिनागावाच्या हाती! ओरितोच्या पोटात दुखायला लागलं.

त्याने पातं कापडावर ठेवलं.

"सही खोटी आहे," तो म्हणाला.

मिनागावाचा चेहरा उतरला. मग तो हसला. "हात्तिच्या! आणि मी इकडे मनातल्या मनात मांडे खात बसलो होतो."

"पातं तसं बरं आहे. विकायची झाली तर आधी मला सांग हो," ओरितो म्हणाला आणि घाईने जोडे घालून निघाला.

घरी मात्र त्याला अन्न गोड लागेना. बरोबरीने शाळेत गेलेला मित्र! हुज्जत नाही, शंका नाही. ओरितो म्हणाला म्हणजे झालं. भांडला असता तर बरं झालं असतं. आपण माणूस म्हणायच्या लायकीचे नाही, असं ओरितोला वाटत राहिलं. शेवटी रविवारी सकाळी तो उठला आणि तडक मिनागावाचं घर गाठलं. तोंडात मारली तरी चालेल, पण आज खरं सांगायचंच.

"ये ये, तुलाच दाखवायची होती," म्हणत मिनागावाने मूठ काढलेली तलवार पुढे ठेवली.

ओरितो खाली वाकला. सहीच्या जागी लोखंड नव्या चमच्यासारखं लखलखत होतं.

"कानस घेतली आणि घासून टाकली," मिनागावा म्हणाला. "खोट्या नावाच्या तलवारीला अस्सलपणाचा दाखला मिळत नाही, बिननावाच्या मिळतो. तूच नाही का मागे सांगितलंस? आणि दाखल्याचं जाऊ दे. नातवाच्या हातात लबाडी कशाला द्यायची?"

"अरे, आणखी कुणाला तरी विचारायचंस!"

"तू बघितल्यावर आणखी कुणाला विचारू?"

ओरितो तातामीच्या चटईवर गुडघे टेकून बसला. त्याने कपाळ टेकवलं.

"मिनागावा, सही खरी होती. कानेत्सुराचीच. मला ती तलवार हवी होती, म्हणून मी खोटं बोललो. ऐकतोयस ना? मी खोटं बोललो!"

 मिनागावाने ओरितोला दंडाला धरून उठवलं, आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारली.

"अगं, साकेची बाटली काढ बघू! माझं मन राखायला हा वेडा थापा मारतोय. उभ्या जन्मात कधी खोटं बोलला नाही, धड बोलताही येत नाही त्याला!"