सातव्या खाटेची राखण

"हात धुतले का?"

गोजरबाईनं सिस्टरचं मनगटच धरलं.

"आजी, पेशंट तुमी बगता का आमी?" जयमाला सिस्टर वैतागली.

"तुमीच बगा की. पन आदी हात धुवा. थोरली सून ह्याच वॉर्डात टाके पिकून गेली माजी. धाकली न्हाई जायाची."

धाकटी अश्विनी सातव्या खाटेवर होती. सिझर होऊन दोन दिवस झाले होते.

"साबन कुठाय?"

जयमालानं आवाज खाली केला. वॉर्डाला महिन्याला एकच वडी, हा दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा, मोठ्या साहेबांचा नियम. ती कधीच संपली. वर ज्या सिस्टरच्या पेशंटला पू होईल, तिचं नाव फळ्यावर. म्हणून वहीत कुणी पू लिहीतच नव्हतं.

गोजरबाईनं कमरेची घरची वडी काढली.

पंच्याण्णव साली पाथर्डीकडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मग तिचाच कायदा चालला. आया असो, शिकाऊ डॉक्टर असो, हात धुतल्याबिगर सातव्या खाटेला कुणी शिवायचं नाही. दुसऱ्या खाटेसाठी वडी मागितली की ती म्हणायची, "त्यांच्या सासवा मेल्या का?"

बाकी सहा जणींचे टाके पिकले. अश्विनीचे कोरडे राहिले.

गुरुवारी मोठे साहेब राउंडला आले. पहिल्या खाटेची पट्टी काढून त्यांनी बोटानं दाबलं. पू आला. दुसरीला आला, तिसरीला आला. तसंच सहावीपर्यंत.

"सहाच्या सहा! आणि वहीत एक नाही?" साहेब जयमालावर ओरडले. "उद्या तुमचं नाव फळ्यावर!"

गोजरबाईनं पदर सारखा केला.

"सायेब, ही सातवी बगा. माजी राखन हाय." तिनं स्वतःच पट्टी सोडली.

साहेब वाकले. जयमाला पाण्याचा तांब्या घेऊन झटकन आडवी आली.

"सर, हात तेवढे..."

"अगं ए!" गोजरबाई कडाडली. "एवढ्या मोठ्या मानसाला हात धू म्हनती? लाज हाय का? हो बाजूला!"

जयमाला बाजूला झाली.

साहेब हसले. सहाव्या खाटेवरची ओली बोटं त्यांनी अश्विनीच्या टाक्यांवरून दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, आणि गोजरबाई हात जोडून कौतुकानं बघत राहिली.