आरपार दिसेल तेवढंच

आतड्याची तपासणी दुसऱ्या दिवशी होती. डॉक्टरांनी मास्तरांना बजावलं होतं, "आज फक्त आरपार दिसेल तेच प्यायचं. दाताखाली काही नको." जन्मभर लोकांचे कपडे शिवून आता घरी बसलेल्या मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. एकट्या माणसाचा स्वयंपाक तो केवढा!

दुपारी गाळलेल्या सुपाचा पेला घेऊन ते टेबलाशी बसले, तोच परगावच्या लेकीचा फोन आला.

"बाबा, काही खाल्लं नाही ना?"

"कसलं खातोय! सुपाचं पाणी पितोय."

"थापा मारू नका. चावल्याचा आवाज येतोय."

मास्तरांनी तोंड घट्ट मिटलं. घरात पंखासुद्धा बंद होता.

"अजून येतोय," लेक म्हणाली. मग तिचा आवाज निवळला. "कुणी जेवायला आलंय होय? सांगायचं ना! आई गेल्यापासून एकटेच जेवता, माझ्या जिवाला घोर असतो."

"अगं, कुणी नाही इथे."

"मग आत्ता हळूच 'अजून थोडं वाढू का' असं कोण म्हणालं?"

मास्तरांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. लेक "बाबा, बाबा" करत होती. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"वाढ," ते म्हणाले.